आगीला एकोणतीस तास

मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत गेल्या मे महिन्यात, एका रविवारी रात्री ११ वाजता चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आग लागली. कारण ठरली रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीची बॅटरी. घर माझ्या ताईचं, गाडी भाच्याची. भाचा अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. कुणाला इजा झाली नाही, हे आधीच सांगतो.

खालच्या वेळा भाच्याच्या मोबाईलमधले फोटो-व्हिडिओ, दुकानाची पावती आणि दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवून लावलेला हिशेब यांवरून घेतल्या आहेत. मोटर रिवाइंडिंग हा माझा धंदा, त्यामुळे जळलेला सगळा ऐवज माझ्याच टेबलावर आला. त्यातून जे कळलं तेही सोबत दिलं आहे.

शनिवार, संध्याकाळी ६:०० (आगीला २९ तास)

लॅमिंग्टन रोड. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की पोरं ग्रँट रोडला उतरतात आणि इथे येतात. भाच्याकडची गाडी एकास दहा मापाची बग्गी, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. आत ५४० साइजची कार्बन ब्रशवाली मोटर आणि ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी, म्हणजे १.२ व्होल्टचे सहा सेल एका रांगेत. बॅटरी म्हातारी झाली होती. गाडी सुरुवातीला जोरात निघायची आणि पाच मिनिटांत रेंगाळायची.

त्याने नवी घेतली ती लिथियम पॉलिमर, पोरांच्या भाषेत लिपो. तिचा प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा. दोन सेलांची 'टू-एस' घेतली असती तर ७.४ व्होल्ट मिळाले असते आणि जुन्या मापाला ती चपखल बसली असती. त्याने घेतली 'थ्री-एस': ११.१ व्होल्ट, २२०० मिलीअँपियर-तास, ३० सी. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "ड्रोनला पाहिजे का?" भाचा म्हणाला, "नाही, गाडीला." बोलणं तिथेच संपलं.

प्रश्न मात्र नेमका होता. ही बॅटरी मऊ वेष्टनाची होती. चंदेरी पाकिटातले तीन सेल, वर प्लास्टिकचं पातळ आवरण. ड्रोन आणि विमानांत वजन वाचवण्यासाठी अशाच वापरतात. जमिनीवर आपटणाऱ्या, दगड खाणाऱ्या गाड्यांसाठी कडक प्लास्टिकच्या डबीतली लिपो मिळते.

शनिवार, रात्री ९:३० (साडेपंचवीस तास)

भांडुपच्या मित्राकडून चार्जर उसना आणला. छोट्या पडद्याचा, चार बटणांचा, सगळ्या जातींच्या बॅटऱ्या चार्ज करणारा. मित्राने व्हिडिओ कॉलवर सगळं नीट सांगितलं: लिपो मोड, तीन सेल, २.२ अँपियर, आणि मुख्य वायरींबरोबर बॅलन्सची पांढरी बारीक पिनही लाव. त्या पिनेवरून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि कोणताही सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. तासाभरात पडद्यावर १२.६ दिसलं आणि चार्जर आपोआप थांबला.

या अख्ख्या घटनाक्रमात नियमाप्रमाणे झालेलं काम एवढं एकच.

रविवार, सकाळी ९:०० (१४ तास)

बॅटरी जुनीपेक्षा लहान, त्यामुळे खोबणीत खुळखुळत होती. बाजूने भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे कोंबले, वरून वेल्क्रोची पट्टी आवळली. प्लग जुळेना. नव्या बॅटरीचा पिवळा एक्सटी-६०, गाडीचा जुन्या धाटणीचा पांढरा नायलॉनचा. पांढरा प्लग पंधराएक अँपियरपुरता असतो; पिवळा ६० अँपियरसाठी बनलेला. पोराने एक बाजू पिवळी आणि दुसरी पांढरी असा जोड डाखून घेतला. सोल्डरिंग छान केलं होतं, हे कबूल करायला हवं.

९:१२ चा एक फोटो आहे. 'आधी आणि नंतर' दाखवायला काढलेला. त्यात मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, म्हणजे ईएससी, स्पष्ट दिसतं. मोठं केलं की त्यावरचा स्टिकरही वाचता येतो: निकेल ६ सेल, लिपो २ सेल. गाडीने आपली मर्यादा अंगावर लिहून ठेवली होती आणि तिचा फोटोही निघाला होता.

सकाळी ११:०० (१२ तास)

माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक सुरू व्हायची वेळ. इमारतीखालच्या बाकावर तळमजल्यावरचे काका बसले होते. मध्य रेल्वेच्या ओव्हरहेड वायरच्या खात्यातून निवृत्त झालेले. भाचा गाडी घेऊन खाली आला. पुढचं संभाषण दोघांनीही मला सारखंच सांगितलं.

"काका, रेल्वेने व्होल्टेज वाढवलं होतं ना?"

"वाढवलं म्हणजे! दीड हजाराचं पंचवीस हजार केलं."

"मग मोटरी जळल्या?"

"छे! उलट करंट कमी झाला. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो."

तेवढ्यात काकूंनी खिडकीतून हाक मारली आणि काका आत गेले. भाच्याला हवं होतं ते मिळालं.

काका खोटं बोलले नव्हते. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे ऐंशीहून अधिक वर्षं उपनगरी रेल्वे त्याच दाबावर चालली. गर्दी वाढली, डबे वाढले, करंट इतका वाढला की थोड्या-थोड्या अंतरावर सबस्टेशनं उभारावी लागत. २५ हजार व्होल्ट एसीवर तीच ताकद अगदी थोड्या करंटमध्ये पोचते. पश्चिम रेल्वेचा बदल फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरा झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा ठाण्यापासून सीएसटीपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०१५ मध्ये, हार्बरचा एप्रिल २०१६ मध्ये.

काकांच्या वाक्याचा राहिलेला भाग असा: तारेत २५ हजार असतात, मोटरला ते कधीच मिळत नाहीत. गाडीतला ट्रान्सफॉर्मर दाब खाली आणतो, त्यापुढचे कन्व्हर्टर मोटरला झेपेल तेवढंच देतात. जुन्या डीसी गाड्या नव्या तारेखाली चालूच शकत नव्हत्या. त्या बाद करून दोन्ही दाबांवर चालणाऱ्या आणि मग नव्या गाड्या आणाव्या लागल्या. उच्च दाबाची तार आणि पूल यांत अंतर जास्त ठेवावं लागतं, त्यामुळे बुटक्या पुलांचा प्रश्न उभा राहिला. सँडहर्स्ट रोडचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे त्याची कमी उंची हेही कारण होतं. एक आकडा वाढवण्यासाठी रेल्वेने तारेपासून चाकापर्यंत सगळी साखळी बदलली, आणि त्यात वर्षं गेली.

भाच्याने फक्त आकडा वाढवला होता. त्याची मोटर तीच, तिच्यातली तांब्याची तार तीच, तारेचा रोध तोच. अशा मोटरला दाब दीडपट दिला की लोडखाली करंट कमी होत नाही, तोही वाढतो. ७.२ चे ११.१ झाले म्हणजे १.५४ पट. ताकद दोन्हींच्या गुणाकाराने वाढते: साधारण २.४ पट. वाइंडिंगमधली उष्णताही त्याच पटीत. आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात, कारण दुकानात येणाऱ्या जळक्या मोटरींतल्या बऱ्याच जणींना कुणीतरी 'जरा जास्त' दिलेलं असतं.

दुपारी १२:३० (साडेदहा तास)

घरात, जेवणाच्या टेबलावर चाचणी. गाडी डब्यावर ठेवून चाकं अधांतरी. थ्रॉटल दाबला तशी मोटर किंचाळली. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, मिक्सर लावलायस का?" दोन मिनिटं चालवली, हात लावून पाहिला, मोटर कोमट. भाच्याने मित्रांना मेसेज टाकला: 'थ्री-एस वर एकदम मक्खन.'

अधांतरी चाकाला ओढायला काही नसतं, म्हणून करंट जेमतेम लागतो. पंपवालेसुद्धा हीच गफलत करतात. पाइप न जोडता पंप फिरवून दाखवतात आणि म्हणतात, बघा, आवाज नाही, गरम नाही. लोडशिवायच्या चाचणीला अर्थ नाही.

दुपारी ४:४५ (सव्वासहा तास)

सोसायटीचं आवार. सिमेंटचे ब्लॉक दिवसभर तापलेले. सात-आठ पोरं, दोन आजोबा, वॉचमन. व्हिडिओत गाडी गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाते ती डोळ्यांना नीट दिसत नाही. पोरांचा गलका. चौथ्या फेरीला ब्रेक मारताना गाडी कोलांटी खाते आणि पुन्हा चाकांवर उभी राहते. टाळ्या.

जुनी बॅटरी आतून इतकी थकली होती की मोटरने जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेजच खाली बसायचं. गाडी रेंगाळायची, आणि त्या मरगळीमुळेच सर्किट वाचायचं. नव्या बॅटरीचं व्होल्टेज असं खाली बसत नाही. ३० सी म्हणजे लेबलप्रमाणे ६६ अँपियर द्यायची तयारी. मोटर मागत राहिली, बॅटरी देत राहिली.

दुसरी झीज दिसतही नव्हती. रिसीव्हर आणि स्टिअरिंगची सर्वो मोटर ५ व्होल्टवर चालतात. ते ५ व्होल्ट ईएससीमधला एक चिमुकला रेग्युलेटर काढून देतो आणि वरचे व्होल्ट उष्णता म्हणून फेकतो. जुन्या बॅटरीवर तो २.२ व्होल्ट फेकत होता. नवीवर ६.१, पूर्ण चार्ज असताना ७.६. म्हणजे जवळपास तिप्पट ताप, तोही बंद झाकणाखाली, मे महिन्यात.

संध्याकाळी ५:१० (५ तास ५० मिनिटं)

पहिला इशारा. गाडीचं स्टिअरिंग मध्येच थरथरतं, हे व्हिडिओत दिसतं. भाचा म्हणतो, "रेंज गेली वाटतं," आणि दोन पावलं पुढे जातो. रेंजचा संबंध नव्हता. रेग्युलेटर तापून दम टाकत होता.

दुसरा इशारा वासाचा. मागे कुणीतरी पोरगं विचारतं, "काहीतरी जळतंय का?" वार्निशचा वास मी झोपेतही ओळखतो. तांब्याच्या तारेवरचं इनॅमल आणि वार्निश शिजायला लागलं की जरा गोडसर, घशाला लागणारा वास येतो. तो आला की मोटर बंद करायची, एवढंच काम असतं. भाच्याने गाडी दहा मिनिटं सावलीत ठेवली आणि मोटरवर फुंकर मारली.

संध्याकाळी ५:२५ (५ तास ३५ मिनिटं)

गाडी सुसाट सुटली आणि थांबेना. भाच्याने ब्रेक दाबला, थ्रॉटल सोडला, शेवटी रिमोटच बंद केला. गाडी तशीच फुल स्पीडला.

ईएससीमध्ये मोटरला वीज सोडणारे छोटे स्विच असतात, मॉस्फेट. ते जळताना बरेचदा बंद पडत नाहीत, चिकटून कायमचे चालू राहतात. मग रिमोटचं कुणी ऐकत नाही; बॅटरी आणि मोटर थेट जोडली जातात. गाडी वॉचमनच्या खुर्चीखालून गेली, एका आजोबांच्या चपलेला घासली, पंपरूमच्या कठड्यावर आदळली, उलटी झाली आणि चाकं आकाशात फिरवत राहिली.

प्लग काढायला गेले तर निघेना. पांढरं नायलॉन वितळून पिवळ्या जोडाला चिकटलं होतं. हात भाजत होता. "काका, पकड द्या ना," असं म्हणत पोरं वॉचमनकडे धावली. पकड येईपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. तोवर चाकं मंदावून आपोआप थांबली.

संध्याकाळी ५:४० (५ तास २० मिनिटं)

नुकसानीची मोजणी. ईएससी काळा पडलेला, मोटरला हात लावता येत नाही, पुढचा बंपर तुटलेला. बॅटरीवर तिघांनी एकेक नजर टाकली आणि ती ठीक आहे असं ठरलं.

ती ठीक नव्हती. कठड्यावर आदळताना स्पंज एका बाजूला सरकला आणि खोबणीची कड पाकिटात घुसली. कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढा खोलगट चेप. सेलच्या आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पातळ पत्री असते, मध्ये त्याहून पातळ प्लास्टिकचा पडदा. त्या पडद्यावर सगळी भिस्त. तो दुमडला किंवा फाटला की दोन्ही बाजू आतल्या आत भिडायला मोकळ्या.

शिवाय बॅटरी तळापर्यंत रिकामी झाली होती. लिपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली नेऊ नये असा नियम. दोन सेलांसाठी बनलेली ईएससी गाडी थांबवते ती एकूण ६ व्होल्टच्या आसपास. तीन सेलांना ते वाटून दिले तर प्रत्येकी २ व्होल्ट. आणि शेवटच्या सहा-सात मिनिटांत तर ती ईएससी थांबवण्याच्या अवस्थेतही नव्हती.

रात्री ८:०० (३ तास)

मल्टिमीटरवर बॅटरी ६.९ व्होल्ट, म्हणजे सेलमागे २.३. भाच्याला वाईट वाटलं ते पैशाचं. दोन महिन्यांचा पॉकेटमनी होता. बॅटरी टेबलावर ठेवली तर किंचित डुगडुगत होती. काल ती सपाट बसत होती. आत वायू धरायला सुरुवात झाली होती.

इतकं खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याची पत्री विरघळू लागते. पुन्हा चार्ज केलं की तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतून जोडणी करतं. बाहेरून काही कळत नाही.

रात्री ९:३० (दीड तास)

चार्जर लावला. लिपो मोड, तीन सेल. पडद्यावर नकार: व्होल्टेज कमी. पुन्हा लावला, पुन्हा नकार. बॅलन्सच्या पिनेची एक वायर धडकेत तुटलेली, त्यामुळे तिथूनही नकार.

मग एका मित्राने फोनवर युक्ती सांगितली. रिमोट गाड्यांवाल्यांत ती सर्रास चालते: निकेलच्या मोडवर लाव, तो काही विचारत नाही, पाच-दहा मिनिटांत व्होल्टेज वर आलं की काढ आणि परत लिपोवर टाक.

निकेल मोड खरंच काही विचारत नाही. निकेलची बॅटरी भरली की तिचं व्होल्टेज किंचित घसरतं, आणि चार्जर त्या घसरणीची वाट पाहत ठरलेला करंट ढकलत राहतो. लिपोमध्ये ती घसरण येतच नाही. ४.२ ची मर्यादा या मोडला ठाऊकच नाही. करंट २ अँपियर ठेवला होता. चार्जर गॅलरीत, जुन्या रद्दीच्या गठ्ठ्यावर. तिथे वारा लागेल म्हणून. शेजारी पडदा, वर वाळत घातलेले कपडे.

९:४० ला टीव्हीवर आयपीएलची मॅच रंगात आली होती. ताईने जेवायला हाक मारली. दहा मिनिटांनी बॅटरी काढायची होती.

रात्री १०:३५ (२५ मिनिटं)

कुणी पाहत नव्हतं, पण हिशेब सोपा आहे. २ अँपियरने ६६ मिनिटांत २२०० मिलीअँपियर-तास होतात. ९:३० नंतर ६६ मिनिटं म्हणजे १०:३६. बॅटरी भरली, आणि चार्जर चालूच राहिला.

अशा चार्जरांना दोन राखीव ब्रेक असतात. एक वेळेचा, दुसरा क्षमतेचा. मी नंतर दोन्ही तपासले. वेळेची मर्यादा १२० मिनिटं होती, म्हणजे साडेअकरा. क्षमतेची ५००० मिलीअँपियर-तास, या बॅटरीच्या दुपटीहून जास्त. दोन्ही कारखान्यातून आल्या तशाच. कुणी हात लावला नव्हता.

रात्री १०:५० (१० मिनिटं)

मी बोरिवलीला एका सोसायटीच्या पंपाचं काम आटोपून परतलो. दुसऱ्या मजल्यावर माझं घर, पण जिन्यात नेलपॉलिशसारखा गोड, उग्र वास आला आणि मी वर गेलो. दार भाच्याने उघडलं. "मामा, तू आत्ता?"

"वास कसला येतोय रे?"

त्याने नाक वर केलं आणि चेहरा उतरला. "अरे, बॅटरी!"

गॅलरीच्या काचेतून पाहिलं. सपाट पाकीट उशीएवढं फुगलं होतं, प्लास्टिकचं आवरण फाटलं होतं. भाचा दार सरकवायला निघाला. मी त्याचा दंड धरला. फुगलेल्या लिपोला त्या क्षणी हात लावायचा नसतो. मेन स्विच खाली पाडला. घरात अंधार झाला, मॅच बंद पडली, आणि ताई म्हणाली, "आता काय झालं?"

चार्जर बंद झाला तरी सेल थांबले नाहीत. आतलं तापमान एका पातळीपलीकडे गेलं की सेल स्वतःची उष्णता स्वतःच तयार करतो. पुढे बाहेरच्या विजेची गरज उरत नाही.

रात्री ११:००

आधी पांढऱ्या धुराचा झोत, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करत. लगेच ज्वाळा, हातभर लांब, आडवी. पहिला सेल गेला. त्याच्या उष्णतेने मिनिटभरात दुसरा, मग तिसरा. रद्दीने पेट घेतला, पडदा गेला, वाळत घातलेले कपडे गेले, खिडकीची काच तडकली.

आम्ही गॅलरीचं दार घट्ट लावून घेतलं आणि ताईला व शेजाऱ्यांना खाली पाठवलं. मी १०१ ला फोन केला. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, त्यामुळे तोंडावर ओला रुमाल बांधून मर्दुमकी गाजवण्यात अर्थ नसतो. वॉचमनने वाळूच्या दोन लाल बादल्या आणि जिन्यातला पावडरचा सिलिंडर आणला. ज्वाळा बसल्यावर दार फटीएवढं उघडून सिलिंडर मारला, रद्दी विझली. बॅटरीचा गोळा मात्र पुन्हा पेटला. पावडर ज्वाळा मारते, गारवा देत नाही. मेन आधीच बंद होता, मग बादल्यांनी पाणी ओतलं, वर वाळू. घरगुती आकाराच्या लिथियम-आयन किंवा लिपो बॅटरीवर, वीज तोडल्यानंतर, भरपूर पाणी चालतं. गारवा हाच उपाय.

अग्निशमन दलाचे जवान आले तेव्हा आग विझली होती. तरी त्यांनी गोळा खाली नेऊन पाण्यात बुडवून ठेवला, आणि भिंत, छत, वरची गॅलरी हात लावून तपासली.

सोमवार

मोटर दुकानात उघडली. कॉम्युटेटर काळाठिक्कर, ब्रशला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा तापून मऊ पडलेल्या, वाइंडिंगचं इनॅमल नखाने निघत होतं. बॅटरी पेटली नसती तरी ही मोटर त्या दिवशी संपलीच होती. संध्याकाळी तळमजल्यावरचे काका वर आले, सगळं ऐकलं आणि भाच्याला म्हणाले, "अरे, मोटरला पंचवीस हजार कोण देतं?"

आमचं निभावलं, सगळ्यांचं निभावत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथून जवळच, वसईत, इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी त्यानंतर एआयएस-१५६ चे कडक नियम लागू झाले. छंदासाठी घेतलेल्या सुट्या लिपोमध्ये स्कूटरसारखं राखणदार सर्किट नसतं. तिथे राखण आपणच करायची असते.

गाडीला जोर हवा असेल तर जरूर वाढवा. जुन्या निकेलच्या जागी टू-एस लिपो घ्या. थकलेल्या बॅटरीनंतर तेवढाही फरक जाणवतो. थ्री-एस हवीच असेल तर ईएससी, मोटर, प्लग आणि मोटरवरचा छोटा गिअर, सगळं त्या दाबाचं घ्या. गाडीत कडक डबीचीच बॅटरी बसवा. बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का ते पाहा. चार्जिंग फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून लांब, जागेपणी आणि नजरेसमोर करा. फुगलेली, चेपलेली किंवा ३ व्होल्टच्या खाली गेलेली लिपो ई-कचऱ्यात द्या. आणि चार्जर नाही म्हणाला तर त्याचं ऐका. त्याला गप्प बसवणारी युक्ती कुणी सांगितली तर फोन ठेवून द्या.